आयर्विनला किती फूट? मोठ्या नदीवर बोटीने जायचं तर आधी हे विचारा

प्रश्न सांगलीहून आलाय, थोडक्यात असा: बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, वय ६६, आई ६१ ची, तिच्या गुडघ्यांचा त्रास आहे, तिघांना मिळून जगातली एखादी मोठी नदी बोटीने बघायचीय, हातात १८ दिवस. नाईल, मेकाँग की अमेझॉन, क्रूझ घ्यायची का तिथल्या लोकांच्या साध्या बोटीने जायचं, आणि कधी जायचं.

मी वीसेक वर्षं लहान लहान ग्रुप घेऊन नद्यांवर फिरतोय आणि या कामात मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो चुकीच्या नदीमुळे नाही तर चुकीच्या महिन्यामुळे, म्हणून तुझ्या प्रश्नातलं ते शेवटचं "कधी" मी पहिलं घेतो. तू सांगलीची आहेस म्हणजे तुला हे समजवायला मला अजिबात कष्ट नाहीत. पावसाळ्यात तुमच्याकडे सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न काय असतो, "आयर्विनला किती फूट?" (बाकीच्यांसाठी: सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाशी फुटांत मोजतात.) चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं तेव्हा काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. बस्, जगातल्या कुठल्याही मोठ्या नदीवर जाताना हाच प्रश्न आधी विचारायचा. तिकीट, हॉटेल, व्हिसा सगळं त्यानंतर. लोक उलटं करतात, शाळेच्या सुट्ट्या बघून तिकीट काढतात आणि मग विचारतात की तिथे काय बघण्यासारखं आहे, अरे पण तेव्हा पाणी कुठे असेल त्यावर ठरतं ना तिथे काय दिसणार ते!

माझा स्वतःचा धडा सांगतो. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये मी ब्राझीलमध्ये अमेझॉनवर ताबातिंगाहून मनाउसला येत होतो, एका एजंटने सांगितलं होतं चार दिवसात पोचाल, आणि त्या वर्षी पाणी इतकं उतरलेलं की मनाउसला तोपर्यंतच्या शंभरेक वर्षांच्या नोंदीतली सगळ्यात कमी पातळी लागली, १३.६३ मीटर. आमची बोट रात्री दोन वाजता वाळूत रुतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच. माझ्याबरोबर सात माणसं होती, त्यातल्या दोघांचं पुढचं विमान गेलं. एजंट खोटं बोलला हे खरंच, पण पातळी बघायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं, तेव्हापासून निघायच्या दोन महिने आधीपासून मी रोज आकडे बघतो.

आता तीन नद्या. मेकाँग पटकन संपवतो. लाओसमध्ये हुआय साय ते लुआंग प्राबांग असा दोन दिवसांचा स्लो बोटचा प्रवास आहे, मध्ये पाकबेंगला रात्रीचा मुक्काम, दोन्ही बाजूंना डोंगर, बोट लांबुळकी, खर्च खूप कमी. मार्च-एप्रिलमध्ये जाऊ नका कारण तेव्हा शेतं जाळतात, धूर असतो आणि पाणीही उतरलेलं असतं, नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. त्याच वाटेवर स्पीड बोटीही आहेत, हेल्मेट घालून बसवतात, त्यात आई-बाबांना अजिबात बसवू नकोस. लुआंग प्राबांगच्या वर नदीवर मोठं धरण बांधायचं काम चालू आहे, त्यामुळे हा प्रवास आहे तसा बघायचा असेल तर फार वर्षं थांबू नका. पण दोनच दिवसांसाठी १८ दिवसांची सुट्टी खर्च करू नये असं माझं मत.

नाईल. आईच्या गुडघ्यांच्या दृष्टीने सगळ्यात सोपी नदी, कारण तिथे पाणी आता फारसं वरखाली होत नाही. आस्वानचं मोठं धरण १९७० ला पूर्ण झालं आणि हजारो वर्षं दरवर्षी येणारा पूर थांबला. बाबांना हे बघताना काय वाटेल मला माहीत आहे, कारण आस्वानला एलिफंटाइन बेटावर पाणी मोजायच्या जुन्या दगडी पायऱ्या आहेत, नाईलोमीटर म्हणतात त्याला, पायऱ्यांच्या भिंतीवर खुणा कोरलेल्या, पूर कुठल्या खुणेपर्यंत आला त्यावरून यंदा पीक कसं येणार आणि शेतसारा किती लावायचा याचा अंदाज बांधायचे. म्हणजे पाटबंधारे आणि महसूल दोन्ही खाती त्या एका जिन्यावर! कोम ओम्बोच्या देवळातही एक आहे, विहिरीसारखं. आणि एक गंमत, तिथे नदी वाहते दक्षिणेकडून उत्तरेला आणि वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून येतो, त्यामुळे खाली जाताना प्रवाह नेतो आणि वर जाताना शीड. जुन्या चित्रलिपीत "दक्षिणेला जाणे" दाखवायला शीड उभारलेली होडी काढायचे आणि "उत्तरेला जाणे" म्हणजे शीड उतरवलेली होडी.

नाईलवर लक्सर ते आस्वान मोठ्या क्रूझच्या नादी लागू नकोस एवढं सांगतो. त्या बोटी धक्क्याला एकमेकींना चिकटून चार-पाच ओळीने उभ्या राहतात, तुझ्या खिडकीतून समोरच्या बोटीची खिडकी दिसते, आणि किनाऱ्यावर जायला बाकीच्या बोटींच्या लॉबीतून चालत जायचं. त्याऐवजी दहाबिया घ्या, दोन शिडांची लाकडी बोट, आठ-दहा खोल्यांची किंवा त्याहून लहान, एस्ना ते आस्वान असा प्रवास करते, वारा पडला तर पुढे छोटी टग लावून ओढतात. एस्नाच्या लॉकच्या (बंधाऱ्यापाशी बोटींना वर-खाली नेणारा दरवाज्यांचा हौद) वरच्या बाजूनेच निघत असल्यामुळे लॉकमधून जायची रांग लागत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, उन्हाळ्यात आस्वान चाळीसच्या वर असतं.

आणि आता अमेझॉन, म्हणजे माझं खरं उत्तर.

बाबांना त्यांच्या भाषेत सांग. कोयनेतून एक लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटणार अशी बातमी आली तरी सांगलीत सामान माळ्यावर चढायला लागतं. अमेझॉन समुद्राला देते ते सरासरी सेकंदाला दोन लाख घनमीटर, म्हणजे ७० लाख क्युसेक. पुराच्या दिवसाचा नाही हा आकडा, सरासरी आहे. कोयनेचं १०५ टीएमसीचं धरण रिकामं असेल तर ही नदी ते चार तासांत काठोकाठ भरेल. जगातल्या सगळ्या नद्या मिळून जेवढं गोडं पाणी समुद्रात टाकतात त्याचा साधारण पाचवा हिस्सा ही एकटी टाकते. आणि तरीही उतार जवळपास नाहीच, पेरूमधलं इक्विटोस समुद्रापासून नदीने साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास आत आहे आणि त्याची उंची फक्त शंभरेक मीटर.

तिथली पातळी कशी चालते ते समजून घ्या कारण तुमचा सगळा प्लॅन त्यावर आहे. मनाउसला पाणी दरवर्षी सरासरी दहाएक मीटर वरखाली होतं, म्हणजे तेहतीस फूट, आणि हे संकट नाही, हे दरवर्षीचं कॅलेंडर आहे. पाऊस मुख्यतः डिसेंबर ते मे, पण पाणी सगळ्यात वर येतं जूनमध्ये, कारण ते अँडीजपासून हजारो किलोमीटर सपाटीवरून सावकाश येतं आणि वाटेत जंगलात पसरून बसतं. आपल्याकडे कोयनेचे दरवाजे उघडले की दीड-दोन दिवसात आयर्विनला कळतं, इथे महिने लागतात. सगळ्यात खाली ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. घरं एकतर उंच खांबांवर नाहीतर चक्क मोठ्या ओंडक्यांवर तरंगणारी. मनाउसचा बंदराचा धक्काच तरंगता आहे, पाण्याबरोबर वर चढतो आणि उतरतो. तिथल्या बंदराच्या भिंतीवर कुठल्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं त्याच्या खुणा लिहिल्यात, २०२१ ची सगळ्यात वरची, ३०.०२ मीटर. सांगलीतल्या भिंतींवर २००५, २०१९, २०२१ च्या रेघा बघितलेल्या माणसाला तिथे उभं राहिल्यावर गाइड लागत नाही.

तुमच्यासाठी माझा सल्ला: जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचे पहिले दिवस. तीन कारणं. एक, पाणी वर असतं त्यामुळे जंगल बुडालेलं असतं, इगापो म्हणतात त्याला, लहान होडीतून तुम्ही झाडांच्या शेंड्यांमधून जाता, जिथे चार महिन्यांनी माणूस खालून चालत असेल तिथे तुमची होडी फांद्यांना हात लावत जाते, हे कोरड्या महिन्यात गेलात तर बघायलाच मिळत नाही. दोन, आईचे गुडघे. हे कुठलंही ब्रोशर सांगत नाही. पाणी उतरलेलं असताना छोट्या गावांमध्ये बोट खाली लागते आणि गाव वर राहतं, मधला दहा मीटरचा चिखलाचा चढ एका फळीवरून आणि मातीत खणलेल्या पायऱ्यांवरून चढायचा. जूनमध्ये तीच बोट जवळपास रस्त्याला लागते. तीन, सांगलीकर माणूस जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये घर बंद करून सुखाने फिरूच शकत नाही, माझं आजोळ हरिपूरचं आहे मला माहीत आहे, त्याआधी तुम्ही घरी परत असाल.

दुसरी गोष्ट, दिशा. जवळपास सगळे लोक प्रवाहाबरोबर खाली जातात कारण लवकर पोचतं. तुम्ही उलटं करा, प्रवाहाविरुद्ध वर जा. खाली जाणारी बोट जोराचा प्रवाह मिळावा म्हणून नदीच्या मधोमध चालते आणि अमेझॉनच्या मध्ये असलात की दोन्ही काठ म्हणजे लांबवर एक हिरवी रेघ, दोन दिवसात कंटाळा येतो. वर जाणारी बोट प्रवाह टाळायला काठाला धरून चालते, कधी कधी तर अंगणात वाळत घातलेले कपडे मोजता येतील इतकी जवळून, शाळेची होडी दिसते, स्वयंपाकघरातला धूर दिसतो, मासे वाळत टाकलेले दिसतात, पोरं हात करतात. मी खाली दोनदा गेलो आणि मग कायम वरच गेलो.

म्हणजे विमानाने साओ पाउलोमार्गे बेलेम (मुंबईहून ब्राझीलला थेट विमान नाही, आखातातून नाहीतर आफ्रिकेतून बदलून जावं लागतं), तिथे दोन दिवस झोप भरून काढा आणि वेर-ओ-पेसोचा बाजार बघा, मग बोटीने सान्तारेम, साधारण तीन दिवस. पहिल्याच टप्प्यात ब्रेव्हेसच्या अरुंद वाटा लागतात, मोठी नदी तिथे बेटांमध्ये फाटून खाड्यांसारखी होते, आपल्या दाभोळच्या खाडीत आल्यासारखं वाटतं, आणि घरांमधून लहान लहान मुलं होड्या वल्हवत येतात, चालत्या बोटीला आकडा टाकून होडी अडकवतात आणि वर चढून झिंगे, असाईची फळं, पामच्या झाडाचे कोवळे गाभे विकतात. बोटीवरचे लोक त्यांच्यासाठी कपडे, बिस्किटं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पाण्यात टाकतात, तुम्हीही घरून चांगले कपडे न्या, पिशवी घट्ट बांधा.

सान्तारेमला उतरून तासाभरावरच्या आल्तेर दो शाओला तीन-चार दिवस थांबा. इथे तापाजोस नदी येऊन मिळते, तिचं पाणी निळं-हिरवं स्वच्छ. फोटोत दिसतात ते पांढऱ्या वाळूचे किनारे जूनमध्ये पाण्याखाली असतात, ते साधारण ऑगस्टपासून वर येतात, हे आधीच सांगतो म्हणजे हिरमोड नको. पण तुम्हाला त्या बदल्यात बुडालेलं जंगल मिळतंय आणि मी दोन्ही बघून सांगतो, जंगलच जास्त मोलाचं आहे.

मग सान्तारेम ते मनाउस, दोन दिवस. वाटेत ओबिदोस येतं, बाबांना झोपेतून उठवायचं असेल तरी उठव, अख्खी नदी तिथे दोन किलोमीटरपेक्षाही कमी रुंदीतून जाते, खोली साठ मीटरहून जास्त, आणि अमेझॉनचा विसर्ग मोजायचं मुख्य ठिकाण तेच. समुद्रापासून आठशेएक किलोमीटर आत असूनही भरती-ओहोटीचा हलका परिणाम तिथपर्यंत जाणवतो असं मोजणारे सांगतात. उतार किती कमी आहे ते त्यावरून कळेल.

आणि मनाउसच्या आधी संगम. लहानपणी आजोबा मला हरिपूरला घाटावर उभं करून दाखवायचे, ही वारणा, ही कृष्णा, बघ कुठे मिसळतात. मनाउसला रिओ नेग्रोचं काळं, चहाच्या कोऱ्या अर्कासारखं पाणी आणि सोलिमोइसचं (वरच्या अमेझॉनला तिथे हेच नाव) दुधाळ तांबूस पाणी सहाएक किलोमीटर शेजारी शेजारी वाहतं, मिसळतच नाही. काळं पाणी जंगलातल्या कुजलेल्या पानांच्या रसाचं, उबदार आणि संथ, दुसरं अँडीजचा गाळ घेऊन आलेलं, जास्त थंड आणि वेगवान, म्हणून एकमेकांत लगेच शिरत नाहीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं, आजोबा तेव्हा जाऊन सहा महिने झाले होते.

आता बोट. क्रूझ नको, लोकांचीच बोट घ्या, पण आई-बाबांसाठी खोली घ्या, अॅटॅच्ड बाथरूमवाली, त्याला तिथे सुइत म्हणतात, आणि तू झोळीत झोप. झोळी म्हणजे हॅमॉक, लिहितात रेडे आणि म्हणतात हेजी. खाली माल, मधल्या आणि वरच्या मजल्यावर झोळ्या, एकाला एक चिकटून, रात्री शेजारणीचा पाय लागतो, तिचं बाळ तुझ्याकडे देऊन ती आंघोळीला जाते, दुसऱ्या दिवशी सगळा मजला तुला नावाने हाक मारतो. खोलीचं तिकीट आधी काढा कारण खोल्या मोजक्याच असतात, झोळीसाठी निघायच्या दिवशी सकाळीच जाऊन जागा धर, इंजिन आणि संडासापासून लांब, पावसाची झड येते म्हणून अगदी कडेला पण नको. झोळीत तिरकं झोपायचं, सरळ झोपलं की पाठ धरते. पहाटे वाऱ्याने गारठा येतो, चादर हवी. पासपोर्ट आणि पैसे अंगावर, बॅगेला साखळी. अंधार पडल्यावर बंदराच्या आसपास फिरू नका. ताबातिंगा ते मनाउस हा वरचा टप्पा मी तुम्हाला मुद्दाम सांगत नाही, तिथे ड्रगच्या वाहतुकीमुळे तपासण्या आणि लुटालुटीचे प्रकार होतात, आई-बाबांना घेऊन तिकडे नको.

जेवण. भात, राजमासारख्या दाण्यांचं कालवण, स्पॅगेटी आणि मांस किंवा मासा. तुम्ही शाकाहारी असाल तर विचारून घ्या, कालवणात कधी कधी मांसाचा तुकडा शिजवलेला असतो. मेतकूट, लोणचं, चटणी, भाजके पोहे घरून न्या, फळं प्रत्येक धक्क्यावर मिळतात, पाणी मात्र सीलबंदच प्यायचं. आणि आईला सांग उपवासाची अजिबात काळजी करू नको. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच, तिथे त्याच्या पिठाचं गरम तव्यावर धिरडं करतात, तापिओका, खोबरं किंवा केळं घालून, एकादशी आली तर घरच्यापेक्षा चांगला फराळ होईल. त्याच कंदाचा जाडसर भाजलेला रवा, फारिन्या, ते लोक प्रत्येक घासावर भुरभुरवतात.

आता ज्यावर सगळं अडू शकतं ते. पिवळ्या तापाची लस. ब्राझीलहून परत येताना भारतात तिचं पिवळं कार्ड बघतात, निदान दहा दिवस आधी घेतलेली लागते, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात आणि यात कोणी सूट देत नाही. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण साठीच्या पुढे पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर त्रास व्हायचा धोका वाढतो, बाबा ६६ चे आहेत, आई ६१ ची, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी, व्हिसाच्याही आधी, तुमच्या डॉक्टरांना दोघांची सगळी औषधं दाखवून स्पष्ट विचारा. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा. डॉक्टर नको म्हणाले तर वाद घालू नका, नोव्हेंबरमध्ये नाईल आणि दहाबिया, आनंदाने जा, नाईलसाठी ही लस लागत नाही.

आणि शेवटी पातळीचंच. २०२३ ला मनाउसला १२.७० मीटर लागलं, २०२४ ला त्याच्याही खाली गेलं, लागोपाठ दोन वर्षं विक्रम. मनाउसच्या वरच्या बाजूला असलेल्या तेफे गावाच्या तळ्यात २०२३ ला पाणी इतकं तापलं की शंभरापेक्षा जास्त डॉल्फिन मेले, बहुतेक गुलाबी डॉल्फिन, ज्यांना बघायला माझ्या बोटीवरची माणसं पहाटे चारला उठून कठड्याला उभी राहायची. गावांपर्यंत बोट पोचेना, पिण्याचं पाणी पोचेना. माझ्या ओळखीच्या एका बोटवाल्याने तेव्हा फोनवर सांगितलं की वडिलांनी दाखवलेली नदीची वाट आता चालत नाही, रोज नवी शोधावी लागते. तेव्हा मी जूनच म्हणतोय तरी ती मागच्या वर्षांची सरासरी आहे, मनाउसच्या पट्टीचे आकडे ऑनलाइन येतात, एप्रिलपासून बाबांना रोज बघायला लाव, वहीत लिहू दे, मेच्या सुरुवातीला पाणी नेहमीइतकं आहे आणि अजून चढतंय असं दिसलं की तुमचं जंगल बुडालेलं असेल.

झोळी बेलेमच्या बाजारातच घे, जाड सुती कापडाची, आणि बांधायचा दोर तिच्याबरोबर मिळत नाही, तो वेगळा मागायचा, दोन तुकडे, प्रत्येकी दोन मीटर तरी.